कोठीपुढल्या चपला

१

कोठीपुढं चपला होत्या. झालं होतं ते एवढंच. रक्त सांडलं नव्हतं, कुणाचं काही चोरीला गेलं नव्हतं. तरी त्या चपलांपायी कुंडलच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या मुलींच्या निवासी शाळेत त्या दुपारी कुणाला घास गोड लागला नाही.

शाळा फौजींच्या लेकींची. कुणाचा बाप काश्मीरला, कुणाचा आसामात. आता सीमेवर उभ्या असलेल्या माणसाची लेक कुणा हत्यारबंदाच्या हाती लागली, तर त्या बापानं बंदूक कुणाकडं वळवायची? ह्या एका धास्तीपायी शाळेत दरवर्षी हल्ल्याची रंगीत तालीम व्हायची. यंदाची तालीम नवी होती आणि ती बसवली होती कॅप्टन शिवांजलीनं. सुभेदार जयराजची ही थोरली लेक पाच वर्षं फौजेत काढून परत आली होती आणि बापाच्या जागी शाळेची सुरक्षा बघायला लागली होती.

तिचं सांगणं सोपं होतं. "ओलीस म्हणजे शत्रूची ढाल. ढाल त्याच्या हातात पडूच द्यायची नाही." म्हणून शिट्टी झाली की मुलींनी एका जागी गोळा व्हायचं नाही, पांगायचं. ठरलेल्या मोजक्या खोल्यांत शिरायचं, आतून कडी घालायची, दाराला कॉट लावायची, मुकाट बसायचं. बाकीच्या खोल्या रिकाम्या, पण दारं सगळी बाहेरून सारखीच बंद. शत्रूला एक दार फोडण्यापुरतीच सवड मिळते, तेवढ्यात आपली माणसं पोचतात. ते एक दार रिकामं निघालं की डाव आपला.

शत्रू व्हायचं काम होतं नायब सुभेदार भाऊसोकडं. हातात लाकडी बंदूक आणि मागं जीपमध्ये भरतीची तयारी करणारी गावातली चार पोरं. भाऊसो तसा कामात चोख. शिट्टी झाली, फुफाटा उडवत मुली पळाल्या, धडाधड दारं लागली आणि हा व्हरांड्यात शिरला. सगळी दारं चिडीचूप. ह्यातलं कुठलं फोडावं? आणि टोकाला धान्याच्या कोठीपुढं बघतो तर चपला! शाळेच्या निळ्या पट्ट्याच्या, भिंतीला टाचा लावून, तोंडं बाहेर करून, परेडला उभ्या केल्यागत एका ओळीत.

"हितंच हायत!" तो ओरडला. एक चप्पल पायात आली ती उचलून त्यानं बाजूला भिरकावली, ओला झालेला हात पँटीला पुसला आणि दाराला खांदा दिला. दार उघडलं. आतल्या पोरींना हात वर करून बाहेर आणलं, तवा साक्षी नावाच्या एका चिमुरडीनं खेळ म्हणून का होईना, त्याच्या अंगठ्यावर असा पाय आपटला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. वेळेत आलेली शाळेची माणसं हात चोळत उभी राहिली. पोरी ओलीस झाल्या होत्या. तालीम बुडाली.

शाळेचे प्रमुख म्हणजे निवृत्त कर्नलसाहेब. ते खुर्चीवरून उठले. "कॅप्टन, कोठीत कुणी पायताण घालून जात नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुला नव्हतं?"

मुलींना विचारलं. त्यांनी माना खाली घातल्या आणि म्हणाल्या, व्हय, आम्ही चपला बाहेर काढल्या. शिवांजली दोन पावलं पुढं आली. "सर, पायताण पायातच ठेवायचं हे मी शंभरदा घोकून घेतलंय," एवढंच ती म्हणाली.

कोठीच्या मागल्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ जयराज दुखरा गुडघा धरून बसला होता. आज आपण नुसते प्रेक्षक, असं त्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं. तो लंगडत आला आणि त्यानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि भाऊसो? खरं सांगायचं तर त्याच्या पोटात त्या वेळी साखर पडली होती.

२

आता ह्या साखरेचं कारण सांगायला पाहिजे. भाऊसो आणि जयराज एका आळीतले, एका दिवशी भरती झालेले, एका बराकीत शेजारी शेजारी झोपलेले. पण धावायला गेलं की जयराज पुढं आणि भाऊसो मागं. निशाणबाजीला जयराजला शाबासकी, भाऊसोला "ठीक है". घरी येताना जयराजच्या खांद्यावर दोन तारे होते, ह्याच्या खांद्यावर एक. लग्नाला मुलगी बघायला दोघं बरोबर गेले, तिथंही पोरीनं चहाचा पहिला कप जयराजपुढं धरला. भाऊसोनं हे सगळं गिळलं. वरनं मैतरकी सांभाळली आणि आतनं धुपत राहिला.

त्यात देवानं जयराजला लेक दिली ती अशी. ती ऑफिसर झाली त्या दिवशी मैदानावर बापानं लेकीला कडक सॅल्यूट ठोकला आणि सगळं गाव मोबाईलवर ते बघून रडलं. भाऊसोही रडला. आपण का रडतोय हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

म्हणून आज साखर पडली. पण ती विरघळायला वेळ लागला नाही. तो कळशी घेऊन नळावर गेला, तर बायकांची कुजबुज त्याला बघून थांबली. पारावर बसायला गेला, तर शाळेचा चौकीदार राजवर्धन पोरांना सांगत होता, "भाऊकाकांनीच केलं असणार. सरळ कोठीपाशीच कसं गेलं वो? जयराजतात्यावर लय दिवसाचा दात हाय त्यांचा."

भाऊसोच्या अंगाचा तिळपापड झाला. जळत होता हे खरं. पण जळणं येगळं आणि दगाबाजी येगळी! शिपाई माणूस. शत्रूचं सोंग घेतलं म्हणून काय लबाडी करीन?

तो तरातरा कर्नलसाहेबांकडं गेला. "सायेब, लोकं माझ्यावर बोट दाखवाय लागल्यात."

"बस भाऊसो," कर्नलसाहेब म्हणाले. "कोण काय म्हणतंय ते सोड. उद्या सकाळी सभा घेतोय. शिवांजलीला मोकळं करणार. तुझी नजर तेज आहे, ते आज दिसलं. सुरक्षेचं काम तू घे. ती पांगापांग बंद कर. जयराजची जुनी पद्धत होती तीच बरी, सगळ्या मुली एका हॉलमध्ये आणायच्या आणि दारावर पहारा."

भाऊसो सावरून बसला. जयराजच्या लेकीच्या खुर्चीवर आपण! चाळीस वर्षांत पहिल्यांदा ताट आपल्यापुढं आलं होतं, आणि करायचं काय, तर नुसतं गप बसायचं.

"इचार करून सांगतो सायेब," तो म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळेना.

३

कारण मनात एक खडा टोचत होता. उद्या खुर्ची मिळाली तरी गाव म्हणणार की ह्यानं ती दगा देऊन मिळवली. दग्याचा आळ घेऊन राजा व्हायचं? त्यापेक्षा खरं काय ते आपणच हुडकायचं. झालाच दगा तर तो कुणाचा, ते उद्याच्या सभेआधी गावाला कळलं पाहिजे.

दुसरंही एक होतं. पोरींना एका हॉलात कोंबायची ती जुनी पद्धत. आज ह्यानं एक दार फोडलं आणि मूठभर पोरी हाती लागल्या. हॉल असता तर? सगळ्याच लागल्या असत्या. हे त्याला स्वतःच्या खांद्यानं कळलं होतं. पण हा विचार जयराजच्या लेकीचा होता, म्हणून त्यानं तो चटकन बाजूला सारला.

आधी तो कोठीवर गेला. तानुबाई स्वयंपाकीण तांदूळ निवडत होती.

"आवं, धान्यात लक्षुमी असतीया," ती म्हणाली. "माज्या कोठीत पायताण घालून कुणी गेलेलं मी खपवून घेत न्हाई. पोरींना पयल्यापास्नं दम भरलेला हाय. कर्नलसायेब पोरींना इचारत हुते तवाबी मी तिथंच उभी हुते की. बघत हुते, कोण काय म्हनतंय."

"आन् काय म्हनल्या?"

"काढल्या म्हनल्या. गुनाच्या पोरी!"

रेक्टर प्रियदर्शनी मॅडमचा पारा चढलेला होता. शिवांजली आल्यापासून मुली त्यांचं ऐकेनाशा झाल्या होत्या, आणि हे दुःख त्यांना लपवता येत नव्हतं. "कॅप्टन म्हणाली की सगळ्या उभ्या, मी म्हणाले की जांभई! बरं झालं एकदाचं. आणि काय हो, तिच्या ह्या धावपळीत माझी शिस्तही गेली. आज मुलींच्या जादा चपला धुऊन मागं टाकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवल्या होत्या, त्या कुणी तरी उचलून नेल्या. कट्टा रिकामा!"

"कोठीत मुली लपणार हे तुमाला ठावं हुतं?"

"सकाळी सांगितलं तिनं. पण मी कशाला कुणाला सांगू? मी जळत असेन, पण मुली माझ्याच आहेत."

भाऊसोला ही बाई एकदम जवळची वाटली. तेवढ्यात शाळा सुटल्यागत मुली बाहेर आल्या आणि साक्षी त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"काका, अंगठा दुखतोय अजून?"

भाऊसोनं पाय पुढं केला. नख काळंनिळं झालं होतं. "नाजूक पायाची पोर तू आन् दणका म्हशीचा!"

"चपलेचा होता ना," साक्षी म्हणाली, आणि जीभ चावली.

भाऊसो तिच्याकडं बघत राहिला. पुरावा आपल्याच अंगठ्यावर होता, आणि आपण तो घेऊन गावभर फिरत होतो! चपलेचा दणका. म्हणजे पोरीच्या पायात चप्पल होती.

"मग खोटं का बोललीस गं सायबापुढं?"

साक्षीचे डोळे भरले. "तानूमावशी तिथंच होती. चपला घालून ज्वारीच्या पोत्यावर बसलो म्हटलं असतं तर तिनं महिनाभर गूळ दिला नसता. आणि ती म्हणते, लक्ष्मी रागावते. मग सगळ्याच म्हणालो, काढल्या."

४

म्हणजे कोठीपुढल्या चपला कोठीतल्या मुलींच्या नव्हत्या. आणि त्या ओल्या होत्या. त्या फुफाट्यात पळत आलेल्या पोरीच्या पायातली चप्पल ओली कशी असेल? हात पँटीला पुसला होता तेव्हाच हे टाळक्यात यायला पाहिजे होतं. टाकीच्या कट्ट्यावरच्या धुतलेल्या चपला उचलून कुणी तरी कोठीपुढं मांडल्या होत्या. शिवांजलीची चूक नव्हतीच. तिला कुणी तरी पाडलं होतं.

पण कुणी?

राजवर्धन गेटवर जीपला टेकून उभा होता. भरतीच्या मेडिकलला तीनदा बाद झालेलं हे पोरगं. शाळेत चौकीदारी करायचं आणि वर्दीतल्या माणसाकडं बघून दात-ओठ खायचं. शिवांजलीची जागा आपल्याला मिळावी म्हणून त्यानं कर्नलसाहेबांचे उंबरे झिजवले होते.

"माझ्याकडं काय बघता?" तो गुरकावला. "मी जीपमध्ये होतो, तुमच्या त्या चार पोरांसंगं. शिट्टी झाल्यावरच सुटलो. पण काका, ती बाई जाणार म्हणून मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

त्याचा एक बूट जीपखाली उलटा पडला होता, दुसरा पार पलीकडं चाकापाशी. भाऊसोनं ते पाहिलं आणि "गबाळ्या," म्हणून पुढं गेला.

संध्याकाळच्या आत जयराजच्या घरी जाणं भाग होतं. दारात चपला काढून तो आत शिरला. सोप्यात काळी ट्रंक उघडी पडली होती आणि शिवांजली तिच्यात कपडे भरत होती. जयराज खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसला होता. भाऊसोला बघून तो उठला, "चहा टाकाय सांगतो," म्हणाला आणि बाहेरच्या पडवीकडं गेला.

"काका," शिवांजली म्हणाली, "एकच विचारते. चपला तुम्ही ठेवल्या?"

"न्हाई."

"मग संपलं." तिनं पुन्हा घडी घालायला घेतली. दुसरा प्रश्न नाही, शंका नाही. गावातल्या एकानंही दाखवला नसता इतका विश्वास एका शब्दावर. भाऊसोच्या मनात आलं, आपल्या घरात असं माणूस का नाही? हे बी ह्याच्याच घरात!

"पोरी कोठीत लपनार हे कुणाकुणाला सांगितलं हुतंस?"

"मॅडमना. बाहेरच्या आणखी कुणालाच नाही. काका, मी पुण्याला जाईन, मला काम मिळेल. माझं दुःख ते नाही. उद्यापासून हे पुन्हा सगळ्या मुलींना एका हॉलमध्ये बसवणार. तुम्ही आज दार फोडलंत. तुम्हीच सांगा, हॉलमध्ये काय झालं असतं?"

भाऊसोकडं उत्तर होतं. ते गिळून त्यानं चहा येतोय का बघायला दाराकडं मान वळवली.

चहा आला, पिऊन झाला. जयराज मान खाली घालून बसला होता. "येतो रं," म्हणून भाऊसो बाहेर आला आणि पायरीवरच थबकला.

येताना त्यानं चपला गावातला प्रत्येक माणूस काढतो तशाच काढल्या होत्या, चालता चालता, तोंडं दाराकडं. आता त्या फिरलेल्या होत्या. भिंतीला टाचा लावून, तोंडं बाहेर करून, एका ओळीत.

५

भाऊसो उसाच्या बांधावर येऊन बसला.

चौकीवर झोपताना बूट असे ठेवायचे, भिंतीला टाचा, तोंडं बाहेर. अंधारात हाक आली तर पाय सरळ बुटात आणि माणूस दाराबाहेर. उस्तादानं काठी घेऊन ही सवय अंगी लावली होती. गावातलं माणूस असं ठेवत नाही. तानुबाई ठेवणार नाही, मॅडम ठेवणार नाहीत. राजवर्धन तर बराकीची पायरीही चढला नाही, त्याचे बूट त्यालाच हुडकून सापडत नाहीत. म्हणजे कोठीपुढं चपला मांडणारा हात फौजीचा होता.

शाळेत त्या वेळी फौजी होते चार. शिवांजली आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घेईल, आणि ती तर मैदानात शिट्टी घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांपुढं उभी होती. कर्नलसाहेब खुर्चीवर होते, आणि त्यांचे बूट आयुष्यभर दुसऱ्यानंच ठेवले, त्यांना सवय लागायची कुठून? भाऊसो स्वतः, तर स्वतःचं स्वतःला ठाऊक होतं. राहिला एक. टाकीजवळ बसलेला. कट्ट्याला खेटून, कोठीपासून दहा पावलांवर; पोरींनी आतून कडी घातली की आपण व्हरांड्यात शिरायच्या आत काम उरकणारा. लेकीनं 'बाहेरच्या कुणालाच' सांगितलं नाही, पण सकाळी भाकरी खाताना घरच्याला सांगितलंच असणार. आणि हा माणूस दुसऱ्याच्या चपला दिसल्या तरी फिरवून ठेवतो. हाताला सवय असती, हात डोक्याला इचारत न्हाई.

आपलेच दात, आपलेच ओठ.

भाऊसोला हसायला यायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं ज्याच्या मागं धावलो तो माणूस आज मातीत सापडला होता. पण हसू आलं नाही. सोप्यातली ती काळी ट्रंक डोळ्यांपुढनं हलेना.

"हितं बसलाईस व्हय?" मागनं आवाज आला. जयराज लंगडत येत होता. "चपलांकडं बघून थबकलास तवाच म्या वळखलं."

"जया, का केलंस रं?"

जयराज बांधावर बसला. "तिनं मीटिंगीत सांगितलं, एका हॉलात गोळा केलेली मानसं म्हंजी शत्रूला आयतं ताट. माजी पद्धत ती. मी हितं दहा वरीस शिकवली. कर्नलसायेब हसलं. म्हनलं, 'जयराज, लेकीनं तुला दुसऱ्यांदा रिटायर केलं.' सगळी हसली. मीबी हसलो."

मीटिंगीत भाऊसोही होता. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता.

"लेकीला पहिला सॅल्यूट मारला ना, गड्या," जयराज म्हणाला, "तवा छाती ही अशी फुगली. आन् त्याच टायमाला आत कायतरी चावलं. पोटच्या पोरीवर कुणी जळतंय व्हय? म्या स्वतःला लय शिव्या दिल्या. पन चावायचं थांबंना. वाटलं, एकदा तिची तालीम अडखळू दे, मंग येतील माज्याकडं. तिला काढतील आसं न्हवतं वाटलं रं. ह्ये चावनं काय आसतं, तुला न्हाई कळायचं."

"मला न्हाई कळायचं?" भाऊसो ताडकन उठला. "चाळीस वरीस चावतंय मला!"

"तुला? कुनाचं?"

"तुजं, गाढवा! तुजं!"

जयराज आ वासून बघत राहिला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. ह्यानं आयुष्यभर निखारा पदरात बांधून फिरवला आणि ज्याच्यासाठी फिरवला त्याला धगसुद्धा लागली नाही! भाऊसोला इतका राग आला की त्यानं उसाचं एक पान ओढलं आणि बोट कापून घेतलं.

"उद्या सभेत तू सांग," बोट तोंडात धरून तो म्हणाला. "न्हाईतर मी सांगतो."

जयराजनं अंगावरची माती झटकली. गुडघा धरून उठला आणि निघून गेला.

६

सकाळी सभेला हॉल भरला. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. समोर शिवांजली ट्रंक जवळ ठेवून ताठ बसली होती. जयराजची जागा रिकामी होती.

कर्नलसाहेबांनी खाकरून सुरुवात केली. जे झालं त्याचं वाईट वाटतं, पण कोठीत पायताण चालत नाही एवढी साधी गोष्ट जिच्या ध्यानात आली नाही तिच्या हाती मुली कशा सोपवायच्या, वगैरे. "आजपासून सुरक्षेचं काम नायब सुभेदार भाऊसो बघतील. जुन्या पद्धतीनं."

सगळ्या माना भाऊसोकडं वळल्या. राजवर्धन तोंड वाकडं करून हसला. भाऊसोनं दाराकडं पाहिलं. जयराज आला नव्हता. अजूनही गप बसलं तर खुर्ची आपली. जन्मात एकदा तरी जयराजच्या पुढं. तो उभा राहिला आणि त्याचा ठणकणारा अंगठा फरशीवर जोरानं चेपला.

"सायेब, काम मला नको," तो म्हणाला. "त्या चपला पोरींच्या पायातल्या न्हवत्या."

भाऊसोनं अंगठ्याचं सांगितलं, तशी साक्षी उभी राहून म्हणाली, "होय, आम्ही खोटं बोललो. चपला पायातच होत्या." तानुबाईनं कपाळावर हात मारून घेतला, "अगं भवान्यांनो! गूळ दिला नसता, म्हनून जीव द्यायचा हुता व्हय? मी काय वाघीण हाय?" भाऊसोनं ओल्या हाताचं सांगितलं. प्रियदर्शनी मॅडम पुटपुटल्या, "माझ्या धुतलेल्या चपला!" मग त्यानं टाचा भिंतीला आणि तोंडं बाहेर कशी होती ते सांगितलं, आणि हळूहळू एकेकजण त्या ओळीतनं सुटत गेला. राजवर्धन सुटला. शिवांजली सुटली. कर्नलसाहेब सुटले, आणि आपण का सुटलो हे ऐकून त्यांचे कान लाल झाले.

"म्हंजी राहिला एकच," भाऊसो म्हणाला, आणि त्याची जीभ अडली. शिवांजली त्याच्याकडं बघत होती. तिला कळलं होतं. पायताणं फिरवणारा तो हात तिनं जन्मल्यापासून पाहिला होता. तिची मान खाली गेली नाही.

तेवढ्यात दारात धांदलीचा आवाज झाला. जयराज आत आला. अंगात जुना कोट होता, छातीवर मेडलं. कुणाकडं न बघता, लंगडत, तो सरळ लेकीपुढं गेला. दुखरा गुडघा ताठ करून उभा राहिला आणि त्यानं सॅल्यूट मारला.

"कॅप्टनसाहेब," तो मोठ्यानं म्हणाला, "चपला मी ठेवल्या. तुमची तालीम बरोबर हुती. माजी पद्धत जुनी झाली हे मला सोसलं न्हाई. मी जळलो. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

शिवांजली उठली. तिनंही सॅल्यूट केला आणि हात बराच वेळ खाली आणला नाही. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आवाज मात्र कोरडा होता. "आबा, तुम्ही केलं ते वाईट केलं. मला लय लागलंय. ते आज उद्यात जाणार नाही." मग ती कर्नलसाहेबांकडं वळली. "पण सर, तालमीत भोक होतं हेही खरं. दाराच्या आत काय करायचं ते मी सगळं शिकवलं. दारापुढं काय पडलंय हे बघायचं राहिलं. आमच्या माणसांची पायताणं आमचा पत्ता सांगतात, हे शत्रूनं शिकायच्या आत आम्ही शिकलो. उद्यापासून रिकाम्या खोल्यांपुढंच चपला मांडायच्या."

कर्नलसाहेबांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "ट्रंक घरी ने, कॅप्टन. उद्या पुन्हा तालीम."

आणि हॉलमध्ये जे झालं ते भाऊसोला जन्मभर पुरणार होतं. तानुबाई पदरानं डोळे पुसत जयराजकडं गेली. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. राजवर्धनसुद्धा, तो राजवर्धन, पुढं होऊन त्याच्या पाया पडला. "काळीज पाहिजे गड्या, असं भर सभेत सांगायला!" कुणी तरी म्हणालं. लोक जयराजभोवती गोळा झाले.

भाऊसो एका बाजूला उभा राहिला. कोडं सोडवलं कुणी? अंगठा फुटला कुणाचा? बोट कापलं कुणाचं? खुर्चीवर पाणी सोडलं कुणी? आणि वाहवा कुणाची, तर ह्याची! गुन्हा करण्यातही हाच पुढं आणि कबूल करण्यातही हाच पुढं! तो कुणाला न सांगता बाहेर पडला.

बाहेर दाराशी चपलांचा ढीग पडला होता. त्यातली जयराजची जोडी त्यानं लांबूनच ओळखली. एक चप्पल पायरीवर आडवी, दुसरी उताणी, पार खाली मातीत. धांदलीत भिरकावल्या होत्या. चाळीस वर्षांत त्या माणसानं पायताण असं टाकलेलं भाऊसोनं पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानं मागं वळून बघितलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. मग तो दुखऱ्या अंगठ्यावर भार न देता वाकला, मातीतली चप्पल उचलून झटकली, दोन्हींच्या टाचा भिंतीला लावल्या आणि तोंडं बाहेर केली.

"ह्ये बी मीच करायचं," तो पुटपुटला, आणि जयराज बाहेर येईपर्यंत तिथंच पायरीवर बसून राहिला.